गाडी यारदु

आरपीडी क्रॉसला हवालदारानं हात केला
तेव्हा भरमानं ब्रेक दाबला तो चुकीचा,
आणि आम्ही दोघं, एक नवीकोरी बुलेट,
केळीच्या गाड्याला जाऊन टेकलो.
लागलं कुणाला नाही. सात-आठ फण्या गेल्या.
केळीवाली मावशी आधी कन्नडात ओरडली, मग मराठीत.
शिव्या तिला दोन्हींत सारख्याच येत होत्या.

हवालदारानं चावी काढून घेतली.
"लायसन्स?"
भरमा आपल्या बुटांकडं बघत.
"गाडी यारदु?"
गाडी कुणाची.
एवढंच विचारलं त्यानं. तीन आठवडे झाले,
अजून उत्तर सापडलेलं नाही.

नंबर एमएच शून्य नऊ.
कागदावर नाव कुणा सुलोचना मगदूम यांचं,
राहणार गडहिंग्लज,
ज्यांना भरमानं जन्मात पाहिलेलं नाही.

भरमाचं सांगतो.
मॅटवर सात जणांच्या मधोमध
एका पावलावर गिरकी घेतो, दुसरं हवेत,
बोनसची रेघ अशी ओलांडतो
की पंचाला वाकून बघावं लागतं.
तोच भरमा आरटीओच्या मैदानात
आठाचा आकडा काढताना तीनदा नापास.
तीनदा पाय टेकला.
परत येताना बसमध्ये पुटपुटला,
"पाय टेकायचा नाही म्हणे. मला शिकवतोय."

पण सराव साडेपाचला,
आणि बेकिनकेऱ्याहून पहिली बस सव्वासहाला.
हे कुठल्याच अर्जात लिहायला जागा नव्हती.
"ने की, वापर फायनलपर्यंत,"
असं कुणीतरी म्हणालं, आणि त्यानं नेली.

चौकशीला तिघं बसलेले.
भौतिकशास्त्राचे हुद्दार सर, लायब्ररीच्या मॅडम,
आणि आमचे क्रीडा संचालक,
ज्यांचा ढालीसकट फोटो पेपरात आला होता
उद्यमबागच्या फौंड्रीवाल्यांच्या खांद्याला खांदा लावून.
"फौंड्रीवाल्यांचा काही संबंध?"
सरांनीच विचारलं, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मी म्हटलं, काय की.
आमच्या बेळगावात काय की म्हणजे माहीत नाही.
माहीत आहे पण सांगत नाही,
त्यालाही काय कीच म्हणतात.

कारण अंडी मीही खाल्लीत.
रोज सहा, जून ते डिसेंबर.
गुडघा वळला तेव्हा एमआरआयचं बिल कुणी भरलं
ते मी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.
मॅट कुणी दिली ते तर बोर्डावर रंगवलंय,
प्राचार्यांनी फीत कापली, पेढे वाटले.
हुद्दार सरांनी दोन घेतले होते.
आता सर विचारतात, "लाभ" म्हणजे नेमकं काय घेतलंत,
आणि मॅडम ते वहीत उतरवून घेतात.

पलीकडचं कॉलेज म्हणतं, विकत घेतलाय भरमाला.
आमच्या वर्गात म्हणतात, आमाला का नाही.

कॅम्प ठाण्याच्या मागं चिंचेखाली
गाडी उभी आहे. सीटवर पाला साठलाय.
हँडलला लिंबू अजून लटकतंय,
खंडेनवमीला भरमाच्या आईनं बांधलेलं, वाळून काळं पडलेलं.
तिला वाटतं गाडी कॉलेजनं दिली,
पळून पळून पोरगं दमतंय म्हणून.

शनिवारी मी गेलो होतो. चहा झाला.
"गाडी दिसेना ती?"
सर्व्हिसिंगला गेलीय, म्हटलं.
"एवढे दिस?"
मी कपातला तळाचा चहा हलवत बसलो.

बाहेर अंगणात दोन विटा ठेवून
भरमा भावाच्या सायकलवर आठ काढत होता,
चेन कुरकुरत होती, कोंबड्या बाजूला होत होत्या.
मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.
मी मोजत होतो.
अकरा झाले.
पाय टेकला नव्हता अजून.